एक कमांड राहून गेली आणि दोन शाखा बंद पडल्या : राउटरची कॉन्फिगरेशन फाइल सांभाळायची कशी?

बेळगाव : काही वर्षांपूर्वीची मे महिन्याची गोष्ट. वळवाचा पाऊस, विजांचा कडकडाट आणि रात्रभर लाईट नाही. सकाळी लाईट आली, दुकाने उघडली, सगळे सुरळीत सुरू झाले. फक्त एका क्रेडिट सोसायटीच्या दोन शाखांमध्ये संगणकाच्या पडद्यावर काही येईना. एक शाखा खानापूरची, दुसरी चंदगडची. बाकी सगळ्या शाखा व्यवस्थित चालू. या दोनच बंद.

त्या दिवशी मी खानापूरच्या शाखेत होतो, बातमीसाठी नव्हे, घरच्या कामासाठी. माझ्या मावशीच्या यजमानांना बेळगावात दवाखान्यात दाखल करायचे होते. डिपॉझिट भरायला मावशी ठेव मोडायला आली होती. पावती हातात, आधार कार्ड हातात, मॅनेजर वीस वर्षांच्या ओळखीचे. पण पैसे मिळेनात.

"ओ साहेब, पैसे माझेच आहेत की," मावशी म्हणाली.

"मावशी, तुमचेच आहेत, कुठं जात नाहीत. पण खातं स्क्रीनवर दिसल्याशिवाय मला देता येत नाहीत," मॅनेजर म्हणाले. त्यांचेही चुकत नव्हते.

दुपारपर्यंत काउंटरसमोर गर्दी झाली. पिग्मी एजंटांना लोक रस्त्यात अडवून विचारू लागले. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फिरू लागले की सोसायटीने पैसे देणे बंद केले. आपल्या भागात पतसंस्था बुडण्याचे अनुभव लोकांनी घेतलेले आहेत, त्यामुळे अशी अफवा पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखा उघडण्याआधीच पन्नासेक माणसे दारात उभी होती.

पैशाचा काहीही घोटाळा नव्हता. हेड ऑफिसमधल्या एका राउटरमध्ये आठ महिन्यांपूर्वी केलेला बदल 'सेव्ह' करायचा राहिला होता, एवढेच कारण होते. मी कॉमर्सचा पदवीधर, संगणकातला माणूस नव्हे. पण त्या प्रकाराने मला हा विषय समजून घ्यायला लावला. आज सीमाभागातली प्रत्येक सोसायटी, शाळा, दवाखाना, उद्यमबागेतला कारखाना आणि गल्लीतला केबलवाला अशाच एखाद्या पेटीवर अवलंबून आहे. म्हणून हा लेख.

कॉन्फिगरेशन फाइल म्हणजे काय?

राउटर, स्विच, फायरवॉल ही नेटवर्कमधली यंत्रे. दुकानातून आणलेला राउटर कोराच असतो. त्याला सांगावे लागते की तुझे नाव काय, तुझा पत्ता कोणता, कोणत्या पोर्टला इंटरनेटची लाईन आहे, कोणत्या पोर्टला ऑफिसचे संगणक आहेत, खानापूरचा डेटा कुठे पाठवायचा, कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला दारातच अडवायचे. या सगळ्या सूचना एकाखाली एक लिहिलेल्या असतात. तीच कॉन्फिगरेशन फाइल. बोलताना सगळे नुसते 'कॉन्फिग' म्हणतात.

ही फाइल बहुतेक वेळा साधी मजकुराची असते. काही शे ओळी, आकार जेमतेम काही केबी. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एका 'गुड मॉर्निंग'च्या फोटोपेक्षाही लहान. पण राउटर जळाला तर बाजारात दुसरा मिळतो, त्यातली फाइल मात्र बाजारात मिळत नाही. ती तुमच्याच ऑफिससाठी कुणीतरी बसून लिहिलेली असते, आणि वर्षानुवर्षे तिच्यात थोडी थोडी भर पडत गेलेली असते.

पाटी आणि वही

आता मुख्य मुद्दा. सोसायटीत नेमके काय झाले?

सिस्को कंपनीचे राउटर आणि स्विच घ्या. त्यांत कॉन्फिगच्या दोन प्रती असतात. पहिली 'रनिंग कॉन्फिग'. ही रॅममध्ये असते आणि राउटर त्या क्षणी तिच्याप्रमाणे चालत असतो. दुसरी 'स्टार्टअप कॉन्फिग'. ही वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असते, आणि राउटर पुन्हा सुरू होतो तेव्हा तो हीच वाचतो.

रनिंग म्हणजे पाटीवर खडूने लिहिलेले, स्टार्टअप म्हणजे वहीत शाईने लिहिलेले. इंजिनिअर बदल करतो तो पाटीवर होतो आणि लगेच लागू होतो. सगळे चालू लागते, तो चहा पिऊन निघून जातो. पण पाटीवरचे वहीत उतरवायला एक वेगळी कमांड द्यावी लागते : 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. जुने लोक तिच्याऐवजी 'राइट मेमरी' लिहितात. ती दिली नाही तर लाईट गेली की पाटी पुसली जाते.

सोसायटीत तेच झाले. आठ महिन्यांपूर्वी दोन नवीन शाखा जोडल्या, पण बदल सेव्ह केला नाही. आठ महिने यूपीएसने राउटरला बंद पडू दिले नाही, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षात आली नाही. त्या रात्री बॅटरी संपली, राउटर बंद पडला. सकाळी उठला तो आठ महिन्यांपूर्वीची वही वाचून. त्या वहीत खानापूर आणि चंदगड नव्हतेच.

शोध घेण्यात दिवस गेला. आधी संशय लाईनवर, मग विजेवर. मोडेमही बदलून पाहिला. संध्याकाळी कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. पण ते काम करणारा मुलगा नोकरी सोडून गेला होता आणि कागदावर काहीच नव्हते. हेड ऑफिस आणि शाखा यांच्यात जी गुप्त जोडणी असते, तिची किल्ली दोन्ही टोकांना सारखी लागते. ती कुणालाच माहीत नव्हती. शेवटी नवी किल्ली ठरवली, आणि एक माणूस मोटरसायकलवरून आधी खानापूरला आणि मग चंदगडला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पैसे मिळू लागले.

प्रत्येक कंपनीची पद्धत सारखी नसते, हे इथे सांगायला हवे. ज्युनिपरच्या यंत्रात बदल आधी मसुद्यात होतात. 'कमिट' म्हटल्याशिवाय ते लागूच होत नाहीत, आणि जुन्या प्रती आपोआप राहतात. चालू प्रत धरून पन्नासपर्यंत. केबलवाल्यांकडे आणि लहान इंटरनेट सेवा देणाऱ्यांकडे मायक्रोटिक हा लॅटव्हियाचा राउटर बराच दिसतो. त्यात केलेला बदल त्याच क्षणी कायम होतो, वेगळे सेव्ह करावे लागत नाही. म्हणजे पाटी पुसली जाण्याची भीती नाही, पण चुकीचेही तसेच कायम होऊन बसते. आपल्या ऑफिसात कोणती पेटी आहे आणि तिची रीत काय, हे निदान एका माणसाला तरी माहीत हवे.

प्रत काढा, आणि ती त्याच पेटीत ठेवू नका

वहीत उतरवले म्हणजे काम झाले असे नाही. वीज पडून राउटरच जळाला तर वहीही त्याच्याबरोबर जाते. म्हणून फाइलची प्रत बाहेर हवी.

प्रत काढायची जुनी पद्धत टीएफटीपी. सोपी आहे, पण तिच्यात युजरनेम नाही, पासवर्ड नाही, आणि फाइल वाटेत उघड्या पोस्टकार्डासारखी जाते. त्याऐवजी एससीपी वापरावे. त्यात फाइल कुलूपबंद होऊन जाते. ऑफिसच्या बऱ्याच नवीन राउटरमध्ये ही सोय असते.

प्रत घेताना काही खाचखळगे आहेत. ते माहीत नसले तर ऐनवेळी फजिती होते.

पहिला खाचखळगा मायक्रोटिकचा. त्यात दोन प्रकारच्या प्रती निघतात. 'बॅकअप' ही बंद पाकिटासारखी फाइल असते, उघडून वाचता येत नाही, आणि ती त्याच यंत्रात परत भरण्यासाठी असते. 'एक्स्पोर्ट' ही वाचता येणारी मजकुराची फाइल, दुसऱ्या यंत्रात भरायला हीच कामाची. पण एक्स्पोर्टमध्ये राउटरच्या युजरचे पासवर्ड येत नाहीत, सर्टिफिकेटही येत नाहीत. म्हणून दोन्ही प्रती घ्याव्यात.

दुसरा सिस्कोच्या स्विचचा. व्हीलॅनची यादी बऱ्याचदा कॉन्फिगमध्ये नसते. ती 'व्हीलॅन डॉट डॅट' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असते. नुसती कॉन्फिगची प्रत घेऊन निर्धास्त बसलेले लोक स्विच बदलताना इथेच अडकतात.

तिसरा परत भरतानाचा. सिस्कोत जुनी फाइल रनिंगमध्ये कॉपी केली तर ती आधीचे पुसून बसत नाही, त्यात मिसळते. जुने-नवे एकत्र होऊन तिसरेच काहीतरी तयार होते. जसेच्या तसे मागे जायचे असेल तर 'कॉन्फिगर रिप्लेस' ही वेगळी कमांड आहे.

चौथा नवीन राउटरचा. सिस्कोच्या कोऱ्या राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात. 'पोर्ट चालू कर' ही सूचना मात्र प्रतीमध्ये लिहिलेली दिसत नाही. त्यामुळे जुना मजकूर नव्या पेटीत चिकटवला की सगळे बरोबर दिसते, पण एकही दिवा लागत नाही. प्रत्येक पोर्टला 'नो शटडाउन' हाताने द्यावे लागते.

हे सगळे वाचून एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे. परत भरून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे. वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, जुन्या पडून असलेल्या राउटरमध्ये ती भरून बघा.

बदलांचा ताळमेळ

आम्हा कॉमर्सवाल्यांना बँक रिकन्सिलिएशन शिकवतात. पासबुक आणि आपली कॅशबुक शेजारी ठेवायची, फरक कुठे आहे ते शोधायचे आणि प्रत्येक फरकाचे कारण लिहायचे. कॉन्फिगचेही अगदी तसेच आहे. कालची फाइल आणि आजची फाइल शेजारी ठेवून वेगळी झालेली ओळ शोधायची. तंत्रज्ञ याला 'डिफ' म्हणतात.

हे हाताने करायची गरज नाही. रॅन्सिड आणि ऑक्सिडाइज्ड ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आहेत. ती ठरलेल्या वेळी प्रत्येक राउटर-स्विचमध्ये जाऊन कॉन्फिग आणतात, आधीच्या प्रतीशी ताडून बघतात आणि काही बदलले असेल तर ईमेल पाठवू शकतात. प्रती साठवायला गिट वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले हे साधन खरे तर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी आहे, पण कोणत्याही मजकुराचा इतिहास ते जपून ठेवते. कोणती ओळ कधी बदलली हे दोन वर्षांनीही दिसते.

दहा राउटर असलेल्या सोसायटीला एक जुना संगणकही यासाठी पुरतो. तेही जमत नसेल तर महिन्याच्या एक तारखेला प्रत काढून तारखेसह फोल्डरमध्ये ठेवा. फाइलच्या नावात शाखेचे नाव आणि तारीख हवी. 'न्यू', 'फायनल', 'फायनल टू' अशी नावे देऊ नका. ऐनवेळी त्यातली खरी फायनल कोणती, ते कुणालाच आठवत नाही.

सिस्कोत एक सोपी तपासणीही आहे. रनिंग आणि स्टार्टअप या दोहोंतला फरक दाखवणारी कमांड आहेच. ती महिन्यातून एकदा जरी दिली असती, तर सोसायटीतली चूक पहिल्याच महिन्यात सापडली असती.

आणि व्हाउचर विसरू नका. खर्चाचे व्हाउचर असते तसे बदलाचेही हवे. कुणी केला, कधी केला, का केला, कुणी मंजूर केला. एक साधी वही चालेल. संगणक फरक दाखवतो, कारण सांगत नाही.

राउटरचे घड्याळही बरोबर हवे. घड्याळ चुकीचे असेल तर कोणता बदल आधी आणि कोणता नंतर हे कळायला मार्ग राहत नाही. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशात सेवा देणाऱ्या कंपन्या, डेटा सेंटर, कॉर्पोरेट संस्था आणि सरकारी कार्यालये यांना यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवून ठेवायला, १८० दिवसांचे लॉग जपायला आणि सायबर घटना ६ तासांत कळवायला सांगितले आहे.

झाडाच्या फांदीवर बसून फांदी तोडू नका

नेटवर्कवाल्यांची नेहमीची फजिती अशी : इंजिनिअर बेळगावात बसून निपाणीच्या राउटरमध्ये बदल करतो. एक ओळ चुकते आणि ज्या लाईनवरून तो आत गेला होता तीच लाईन तुटते. आता दुरुस्तीही करता येत नाही. गाडी काढून निपाणीला जाण्याशिवाय इलाज नाही.

यावर उपाय आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. सिस्कोत बदलाला हात घालण्याआधी 'रीलोड इन १०' द्यायचे. म्हणजे दहा मिनिटांनी राउटर आपोआप पुन्हा सुरू होईल. ती कमांड देताना 'सेव्ह करू का' असे विचारले तर नाही म्हणायचे. बदल चुकला आणि लाईन तुटली, तर दहा मिनिटांनी राउटर जुनी वही वाचून पूर्ववत उठतो. बदल बरोबर असेल तर 'रीलोड कॅन्सल' द्यायचे आणि मगच सेव्ह करायचे. पाटी पुसली जाते हा जो दोष सोसायटीला नडला, तोच इथे उपयोगी पडतो.

ज्युनिपरमध्ये 'कमिट कन्फर्म्ड' आहे. दहा मिनिटांत पुन्हा होकार दिला नाही तर यंत्र स्वतःच मागे जाते. मायक्रोटिकमध्ये 'सेफ मोड' आहे. तो चालू असताना जोडणी तुटली तर त्या काळात केलेले बदल रद्द होतात.

मोठमोठ्यांनाही हा फटका बसला आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र अनेकांना आठवत असेल. रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सगळे एकदम बंद पडले ते सुमारे सहा तास. कंपनीनेच नंतर सांगितले की देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारे जाळेच तुटले. अशी चुकीची कमांड अडवण्यासाठी तपासणीची व्यवस्था होती, पण तिच्यातच दोष निघाला. दुरून आत शिरण्याचा मार्गही त्याच जाळ्यावर असल्याने माणसांना प्रत्यक्ष जागेवर जावे लागले. खानापूर-चंदगडच्या मोटरसायकलवाल्यासारखेच.

पुढच्या वर्षी, ८ जुलै २०२२ रोजी, कॅनडात रॉजर्स कंपनीचे जाळे कोसळले. जाळ्याचे काम चालू असताना राउटरच्या कॉन्फिगमधली एक गाळणी काढली गेली आणि माहितीच्या लोंढ्याने मुख्य राउटर बसले. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांना फटका बसला. तातडीच्या मदतीचा ९११ क्रमांक अनेकांना लागेना, आणि देशभर डेबिट कार्डाचे व्यवहार अडले.

म्हणून साधा नियम : शुक्रवारी संध्याकाळी किंवा पगाराच्या दिवशी बदल करायचा नाही. बदलाआधी प्रत घ्यायची, बदलानंतर प्रत घ्यायची. आणि शाखेत दुसऱ्या मार्गाने पोचण्याची सोय ठेवायची, मग ते मोबाईल सिमवरचे वेगळे कनेक्शन असो की फोनवर सांगू तसे करणारा शाखेतला एखादा हुशार कर्मचारी.

फाइलमध्ये किल्ल्या असतात

कॉन्फिग फाइल म्हणजे घराचा नकाशा आणि किल्ल्यांचा जुडगा एकत्र बांधलेला. त्यात पासवर्ड असतात, शाखांच्या गुप्त जोडणीच्या किल्ल्या असतात, वायफायचा पासवर्ड असतो. काही पासवर्ड चित्रविचित्र आकड्यांत दिसतात म्हणून ते सुरक्षित समजू नका. सिस्कोचा 'टाइप ७' प्रकार कुणीही फुकटच्या साधनाने क्षणात उलगडू शकतो. तो फक्त मागून डोकावणाऱ्या माणसासाठी आहे. 'सीक्रेट' हा प्रकार त्यापेक्षा बराच पक्का.

आपल्याकडे सर्रास काय चालते? इंजिनिअर फाइल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतो. ग्रुपमध्ये सोडून गेलेली माणसेही असतात. हे बंद व्हायला हवे. मदतीसाठी कुणाला फाइल दाखवायचीच असेल तर पासवर्डच्या ओळी काढून दाखवा.

दुसरी गोष्ट भंगाराची. राउटर बदलला की जुना कपाटावर पडतो, आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जातो. आतली फाइल तशीच असते. ईसेट या सुरक्षा कंपनीने वापरलेले राउटर बाजारातून विकत घेऊन तपासले होते. २०२३ मध्ये तिने सांगितले की तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक यंत्रांत आधीच्या मालकाची माहिती जशीच्या तशी मिळाली. राउटर विकण्याआधी, देण्याआधी, टाकण्याआधी तो कोरा करा. कोरा झाला का, हे पुन्हा चालू करून बघा.

फाइल कुणाची?

हा प्रश्न तंत्राचा नाही, व्यवहाराचा आहे, आणि इथेच बहुतेक संस्था फसतात. देखभालीचा वार्षिक करार असतो. कंत्राटदार कधी कोल्हापूरचा, कधी हुबळीचा, कधी पणजीचा. पासवर्ड फक्त त्याच्याकडे, फाइल फक्त त्याच्या लॅपटॉपवर. करार संपला, वाद झाला किंवा माणूसच निघून गेला, की संस्था स्वतःच्याच दारात परकी होते.

करारात चार ओळी घालून घ्याव्यात. कॉन्फिग फाइल ही संस्थेची मालमत्ता आहे. प्रत्येक बदलानंतर ताजी प्रत संस्थेकडे द्यायची. मुख्य पासवर्ड सीलबंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत राहील. करार संपताना सर्व पासवर्ड बदलून हस्तांतर करायचे. चांगला कंत्राटदार याला नाही म्हणत नाही.

सोसायट्यांच्या ऑडिटमध्ये रोकड मोजली जाते. तारण सोन्याच्या पिशव्या उघडून वजन होते. पण ज्या पेटीमुळे ही सगळी खाती पडद्यावर दिसतात, तिच्या फाइलची प्रत आहे का, हे कुणी विचारत नाही. संचालकांनी पुढच्या बैठकीत हा एक प्रश्न जरूर विचारावा.

घरच्या राउटरचे काय?

घरी फायबरचे कनेक्शन असेल तर तुमच्याकडेही अशीच एक फाइल आहे. अनेकदा राउटरखाली चिकटवलेल्या कागदावर पत्ता असतो, १९२.१६८.१.१ किंवा तसाच काहीतरी. तो ब्राउजरमध्ये टाकून आत गेलात की 'मेंटेनन्स' किंवा 'सिस्टीम' अशा नावाखाली बॅकअपची सोय बऱ्याच राउटरमध्ये सापडते.

घरोघरी होणारा घोटाळा असा : नेट बंद पडते, कुणीतरी सांगते रीसेटचे बटण दाबा. मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबले की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. मग कनेक्शनचा युजरनेम-पासवर्ड गेला, व्हीलॅन क्रमांक गेला, वायफायचे नाव गेले. आता केबलवाला येईपर्यंत थांबा. राउटर बंद करून चालू करणे वेगळे आणि रीसेट करणे वेगळे. आधी नुसती लाईट बंद-चालू करा. आणि कनेक्शन देणारा माणूस घरी आला असेल तेव्हाच युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक लिहून घ्या. राउटरच्या सेटिंगच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवले तरी चालेल, फक्त ते कुणाला पाठवू नका.

काही कंपन्या आपले राउटर दुरूनच सांभाळतात. अशा वेळी तुम्ही केलेला बदल त्यांच्याकडून पुन्हा बदलला जाऊ शकतो. तसे वारंवार होत असेल तर राउटरशी झटत बसण्यापेक्षा कंपनीला विचारलेले बरे.

उद्या सकाळी काय करायचे?

ऑफिसात एकच तास काढता येत असेल तर एवढे करा :

• किती राउटर, स्विच, फायरवॉल आहेत, कोणत्या कंपनीचे आणि कुठे ठेवलेले, याची यादी.
• प्रत्येकात चालू असलेला मजकूर सेव्ह झाला आहे का, याची खात्री.
• प्रत्येकाची ताजी प्रत, तारखेसह. एक ऑफिसात, एक ऑफिसबाहेर, दोन्ही पासवर्ड लावून.
• मुख्य पासवर्ड कुणाकडे आहे, याचे उत्तर. "त्या पोराकडे असेल" हे उत्तर चालणार नाही.
• बदलांची एक वही, आणि तिच्यात आजची पहिली नोंद.

त्या सोसायटीत आता राउटरच्या कपाटाला एक कागद चिकटवलेला आहे. 'सेव्ह केले का?' एवढेच त्यावर लिहिले आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये. एक तारखेला प्रती निघतात, वर्षातून एकदा यूपीएस मुद्दाम बंद करून राउटर नीट उठतो का ते पाहिले जाते. सोसायटी उत्तम चालू आहे.

काकांचे डिपॉझिट त्या दिवशी मी आणि एका मित्राने मिळून भरले. ते बरे होऊन घरी आले. मावशीला दोन दिवसांनी व्याजासकट सगळे पैसे मिळाले, एक रुपयाही कमी नाही. पण तिने ती ठेव पुन्हा तिथे ठेवली नाही. मॅनेजर घरी जाऊन समजावून आले, मीही सांगून पाहिले. ती म्हणाली, "पैसे बुडाले नाहीत, ते मला कळतं. पण पाहिजे तेव्हा मिळाले नाहीत, तेही कळतं."